लावणीला माणूस मिळेना, म्हणून

अनुदान असेपर्यंतच शेतकरी शाश्वत पद्धत पाळतो, असं म्हटलं जातं, ते ठिबक सिंचनाच्या बाबतीत थोडंफार पटतं. पण आमच्या कर्जत-नेरळकडे भाताचं उलट पाहिलंय. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेलं एसआरटी (सगुणा राईस टेक्निक) काकांनी घेतलं, ते जमिनीचा कस वाढावा म्हणून नव्हे. लावणीला माणूस मिळेना म्हणून! पोरं सगळी नोकरीला, आणि आवण (लावणीची रोपं) तयार झालं की सगळ्या गावाला एकाच आठवड्यात मजूर हवे. एसआरटीत राब भाजणं (रोपांसाठी पालापाचोळा जाळून जमीन भाजणं) नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. कायमचे गादीवाफे, त्यावर लोखंडी साच्याने २५-२५ सेंटिमीटरवर भोकं पाडायची आणि प्रत्येकात तीन-चार दाणे टाकायचे. कापणीनंतर मुळं जमिनीतच कुजू द्यायची, नांगर लावायचा नाही. पहिल्या वर्षी शेजारी बांधावर उभे राहून हसत होते. पुढे त्याच वाफ्यावर कापणीनंतर वाल टोकला तेव्हा मात्र साचा मागायला आले. गांडुळं दिसायला लागली ती नंतर, त्याचं कौतुक काकांना आमच्यापेक्षा कमीच.

एक खोट मात्र सांगायला हवी. नांगरट नाही म्हटल्यावर खोडवा (कापलेल्या भाताला येणारा फुटवा) आणि तण मारायला ग्लायफोसेट हे रासायनिक तणनाशक येतं, त्यामुळे सेंद्रियवाले याला शाश्वत मानायला तयार नसतात. काकांना विचारलं तर म्हणतात, "मग खुरपायला तुम्ही या."