शाकाहारी म्हणवता? मग रेघ कुठे मारता? (अनुभव धागा)

पाटावरवंटा (धागाकर्ती)

आमच्या सोसायटीच्या सभेत भाडेकरूंच्या अर्जात ‘आहार’ असा रकाना घालायचा प्रस्ताव आला. शाकाहारी की मांसाहारी, एकावर खूण करा. कुणीतरी म्हणालं, आधी आपणच भरून बघू. झालं, सभा तिथेच अडकली. एकजण बाहेर खातो, घरात आणत नाही. एकीला केकमधलं अंडं चालतं, ऑम्लेटचा वास सोसत नाही. एका काकांनी ‘सोम-गुरु-शनि शाकाहारी’ असं लिहून खाली रीतसर सही केली. प्रस्ताव पुढच्या सभेवर गेला.

जनगणना कार्यालयाच्या २०१४ च्या नमुना पाहणीत महाराष्ट्रातले साधारण ४० टक्के लोक शाकाहारी नोंदले गेले होते. राजस्थानात ७५ च्या आसपास, तेलंगणात एक-दीड टक्का. आमच्या सभेतल्या मंडळींना त्या पाहणीत कुठे बसवलं असतं, देव जाणे.

तर लिहा. उपदेश नको, पाककृती नकोत, प्रोटीनचे तक्ते तर मुळीच नकोत. तुमची रेघ कुठे आहे, ती कुणी मारली आणि कधी सरकली, एवढंच. मांसाहारी मंडळींनीही लिहा. ही रेघ तुम्हाला जास्त ठसठशीत दिसत असणार.

वालाचंबिरडं

त्या ४० टक्क्यांत आमच्या सासूबाई नक्की धरल्या असत्या. माझं माहेर देशस्थांचं, सासर सीकेपी. सासरे गेले तेव्हा सासूबाईंचं मासे-मटण सुटलं. सुटलं म्हणजे, त्यांना कुणी विचारायच्या भानगडीतच पडलं नाही. तेराव्यानंतर ताटात माशाची तुकडी आली नाही ती कायमची. चाळिशीही उलटली नव्हती त्यांची.

पण वांग्याच्या भाजीत सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, पडायचे ते पडायचेच. ‘वासापुरते’ असं त्यांचं म्हणणं. जेवताना सोड्याचे तुकडे बोटाने अलगद वेचून ताटाच्या कडेला एका ओळीत मांडायच्या आणि भाजी चवीने संपवायच्या. मला आधी हसू यायचं, पुढे नाही आलं. मी त्यांच्या ताटाला सोड्यांची जास्त मुरलेली भाजी वाढायला लागले. दोघींपैकी कुणीच त्यावर कधी काही बोललं नाही. विचारणाऱ्याला त्या ‘मी शाकाहारी’ असंच सांगायच्या.

ऊसवाला

आम्ही शिरोळ तालुक्यातले जैन, पिढीजात शेतकरी. आमच्याकडं घरात अंडं नाही, मध नाही. आई कांदा-लसूण-बटाटा खात नाही. हळद खाते, वाळलेली म्हणून चालते. पाणी गाळल्याशिवाय पीत नाही. आणि जेवण दिवस मावळायच्या आत. कारण आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं : अंधारात ताटात चिलटं-किडे पडतात, नकळत हत्या होते.

आता उसाचं ऐका. वळवाचा पहिला मोठा पाऊस झाला की हुमणीचे भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात. दिवस मावळला की कडुनिंबावर, बाभळीवर जाऊन बसतात, पाला खातात, तिथंच त्यांचं मीलन होतं आणि मादी पुन्हा जमिनीत जाऊन अंडी घालते. त्या अंड्यांची पांढरी अळी उसाची मुळं कुरतडते. अशा सरीतला ऊस पिवळा पडतो आणि हातानं ओढला की काकडीच्या वेलासारखा अलगद वर येतो. एकदा अळी जमिनीत खोल गेली की औषधाचाही फारसा उपयोग होत नाही. त्यामुळं जे काय करायचं ते भुंगेऱ्याचं, त्या थोड्या दिवसांत, तेही रात्री.

मग आमचा कार्यक्रम असा असतो. साडेसहाला हातपाय धुऊन जेवायचं, जीवहत्या नको म्हणून उजेडात. सातला टॉर्च, बांबू आणि ताडपत्री घेऊन बांधावर जायचं. बाभळीखाली ताडपत्री अंथरायची, बांबूनं फांद्या हलवायच्या. भुंगेरे टपटप पडतात, गारा पडल्यासारखा आवाज येतो. ते गोळा करून रॉकेल घातलेल्या पाण्याच्या घमेल्यात टाकायचे. विहिरीवरच्या दिव्याखालीपण एक घमेलं ठेवलेलं असतं. उजेडाला येतात, आपटतात, पडतात. थोडा वेळ पाण्यावर खरखर होत राहते. सकाळी घमेलं रिकामं करायचं काम घरात कुणालाच नको असतं. खड्डा काढून पुरतो.

दशलक्षण पर्वात आम्ही सगळेच जिवांची क्षमा मागतो. मी एकदा मंदिरात आलेल्या महाराजांना हे विचारलं होतं. ते म्हणाले, शेतीतली हिंसा वेगळी, मारायच्या इच्छेनं केलेली वेगळी. मला ते निम्मं पटलं. बाभळ हलवताना माझी इच्छा दुसरी काय असते? पण ऊस वाळला तर गावच्या विकास सोसायटीचं कर्ज महाराज फेडणार नाहीत, तेव्हा निम्म्यावर भागवतो. आणि शहरातल्या माझ्या मित्रांनो, तुमच्या चहातली साखर ह्याच उसाची आहे. चिठ्ठी लावून वेगळी येत नाही.

पाटावरवंटा (धागाकर्ती)

ऊसवाले, ‘निम्म्यावर भागवतो’ हे मी आता सोसायटीच्या अर्जात तिसरा पर्याय म्हणून सुचवणार आहे.

हिरवाठिपका

मी खाद्यपदार्थांच्या कारखान्यात लेबलिंगचं बघतो, त्यामुळे रेघ मारण्याचा पगार घेतो असं म्हणा.

पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्याच्या सक्तीचा नियम २००१ साली निघाला. त्यामागची व्याख्या गमतीची आहे. दूध, दुधाचे पदार्थ, मध हे प्राण्यांकडून येऊनही हिरव्यात बसतात. अंडं तपकिरीत, मग ते फलित असो वा नसो. म्हणजे कायद्याने मारलेली रेघ आपल्या स्वयंपाकघरातूनच उचललेली आहे. युरोपात ती भलतीकडेच जाते : अस्सल इटालियन पार्मेसान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटशिवाय (दूध साकळवणारा पदार्थ) करताच येत नाही, तसा त्यांचा नियमच आहे. आपल्याकडच्या चीजला बहुतेक सगळीकडे सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट वापरतात म्हणून ठिपका हिरवा राहतो.

खरी डोकेदुखी पाकिटावर घटकांच्या नावाऐवजी छापतात त्या सांकेतिक आकड्यांची. ई ६३१ घ्या. चिप्स-नूडल्सच्या मसाल्यात चव वाढवायला घालतात. ते टॅपिओका आंबवून होतं, तसं मांस-मासळीपासूनही होऊ शकतं. नुसता आकडा वाचून काहीच कळत नाही. २०२१ च्या डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं, नुसते कोड नकोत, घटक वनस्पतीचा की प्राण्याचा तेही लिहा. त्यानंतर आमची पुरवठादारांकडून लेखी हमी मागण्याची फाइल दुप्पट जाड झाली.

सगळ्यात जास्त गप्प झालेलं घर मी पाहिलं ते माझंच. चांदीचा वरख पूर्वी गुरांच्या आतड्याच्या पापुद्र्यांमध्ये चांदी ठेवून, ती कुटून पातळ करत. २०१६ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने वरख बनवताना प्राणिजन्य काहीही वापरायला बंदी घातली. बंदीची बातमी मी जेवताना वाचून दाखवली. आजी म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं सत्यनारायणाला...?" आणि वडिलांनी मला पाणी आणायला पाठवलं.

शिंचूकर

तैवानमध्ये नोकरीला आहे. इथे शाकाहाराचं लेबल एक नाही, पाच आहेत, कायद्याने. शुद्ध, अंडं चालणारं, दूध चालणारं, दोन्ही चालणारं, आणि पाचवं, ज्यात कांदा-लसूण वर्गातलं काही आहे ते. बौद्ध शाकाहारात कांदा-लसूण वर्ज्य, म्हणून तो वेगळा कप्पा. आल्यावर पहिल्यांदा वाटलं, हे तर आपल्या आजीनेच लिहून दिलंय.

चांद्र महिन्याच्या १ आणि १५ तारखेला पुष्कळ लोक तेवढ्यापुरते शाकाहारी होतात. त्या दिवशी शाकाहारी खानावळीत रांग लागते. ताटात हवं ते घ्यायचं, काट्यावर वजन करून पैसे. नेहमीच्या मावशी मला वजन करताना दर वेळी थोडी कोबी जास्त घालतात, कारण मी ‘रोजची’.

ऑफिसात एकदा मी पिठलं-भाकरी नेली, कांदा-लसणाची सणसणीत फोडणी घालून. टीममधल्या एकमेव शाकाहारी बाईंनी डबा बघितला, वास घेतला आणि नम्रपणे मागे सरकवला. त्यांच्या लेखी मी त्या दिवशी बाद! आणि शेजारी बसणारा एकजण स्वतःला ‘भांड्याच्या कडेचा शाकाहारी’ म्हणवतो. मांसाच्या हंडीतल्या भाज्या तेवढ्या वेचून खातो. इथे तसा रीतसर प्रकारच आहे. वालाचंबिरडं, तुमच्या सासूबाईंना इथे कुणी काही विचारलं नसतं. आणि आपल्याकडचे ‘रस्सा वाढ, पीस नको’वालेही हेच की.

वालाचंबिरडं

शिंचूकर, वाचून दाखवायला त्या आता नाहीत. पण नणंदेला पाठवलं, ती खूप हसली.

ओवसा

रायगड जिल्हा. आमच्याकडे गणपती आणि गौर एकाच मखरात. गणपतीला मोदक. गौरीला तिखटाचा नैवेद्य, मटण-वडे. नैवेद्य दाखवायच्या वेळी गणपतीसमोर पडदा ओढतात, धुतलेलं धोतर दोरीवर टाकून. गौरीचं जेवण उरकलं की पडदा बाजूला.

माझ्या मुलीने पाच-सहा वर्षांची असताना विचारलं, "बाप्पाला वास येत नाही का?" माझी आई म्हणाली, "येतो की. पण माहेरवाशिणीला दोन दिवस नीट जेवू द्यावं, एवढं कळतं त्याला."

सोसायटीच्या अर्जात आमचं मखर कुठे भरायचं ते सांगा.

पाचपिढ्यांचीमाळ

मी जरा कडू लिहिणार आहे.

आमच्या घरात पाच पिढ्या माळ आहे. आषाढी-कार्तिकी, एकादशी, घरात अंड्याचं टरफलही आलेलं नाही. मुंबईत घर शोधताना एजंटने फोनवर विचारलं, "फॅमिली व्हेज ना?" म्हटलं हो. घर बघून झालं, पसंत पडलं, डिपॉझिट ठरलं. मग मालकांनी आडनाव विचारलं. ते ऐकल्यावर थोडा वेळ गेला आणि म्हणाले, "आता व्हेज म्हणाल हो. पण तुमच्यात खातात ना?" मी सदऱ्याच्या गळ्यातून माळ काढून दाखवली. दाखवताना स्वतःचाच राग आला, पण दाखवली. त्यांनी बघितली. दुसऱ्या दिवशी एजंटचा निरोप, घर द्यायचं नाही म्हणतात.

त्याच इमारतीत माझा ऑफिसातला एक सहकारी राहतो. आडनाव ‘बरोबर’. दर शुक्रवारी बिर्याणी मागवतो, डबे ऑफिसच्या कचऱ्यात टाकतो. माणूस चांगला आहे, त्यानेच मला दुसरीकडे घर मिळवून दिलं. बिर्याणीवर माझा राग नाही.

जात विचारायची सोय राहिली नाही, म्हणून जेवण विचारतात. माझ्या बाबतीत तर जेवणाचं उत्तर बरोबर येऊनही नापास केलं. तेव्हा तो रकाना घालूच नका, अशी धागाकर्तीला विनंती.

पाटावरवंटा (धागाकर्ती)

पुढच्या सभेत तुमचा प्रतिसाद नाव न सांगता वाचून दाखवेन. चालेल ना?

पाचपिढ्यांचीमाळ

चालेल. आडनाव सांगितलं तरी चालेल, पण मग ते बिर्याणीवाल्याचंही सांगावं लागेल.

चौथ्याधारेचंदूध

ऊसवाल्यांना जोड म्हणून थोडक्यात. आमच्या म्हशी. रेडी झाली तर घरात आनंद, रेडा झाला तर कुणी बोलत नाही. पान्हा सोडवण्यापुरतं त्याला आचळाला लावायचं आणि ओढून बांधायचं. दूध विकायचं असतं, त्याच्या पोटात किती जाऊ देणार? बरेच रेडकू दोन-तीन महिने काढत नाहीत. त्याला कुणी मारत नाही, नुसतं कमी पाजतात.

संकरित गाईच्या गोऱ्ह्याचं वेगळं. गाईच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्याने बंदी होतीच, २०१५ ला बैल-वळूही त्यात आले. ट्रॅक्टर आल्यावर औताला गोऱ्हा नको, विकता येत नाही, मग रात्री कुणीतरी रस्त्यावर सोडतं. सकाळी ते दुसऱ्याच्या पिकात. दुधाच्या पिशवीवर ठिपका हिरवा असतो, बरोबरच आहे, त्यात मांस नाही.

तिसरीपाळी

डायलिसिस विभागात परिचारिका आहे. नळ्यांमध्ये रक्त गोठू नये म्हणून बहुतेक रुग्णांना दर वेळी हेपारिन देतात. ते डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून काढतात. आठवड्यातून दोनदा-तीनदा, वर्षानुवर्षं. सहसा कुणी विचारत नाही, विचारलं तर आम्ही खरं सांगतो.

कॅप्सूलचं कवच बहुधा जिलेटिनचं, म्हणजे गुरांच्या हाडा-कातड्याचं. डी-३ च्या बऱ्याच गोळ्यांतलं जीवनसत्त्व मेंढीच्या लोकरीच्या चिकट्यापासून करतात. शाकाहारी रुग्णांत बी-१२ कमी निघतं, ते मात्र जिवाणूंकडून येतं, तेव्हा इंजेक्शन निश्चिंत मनाने घ्या.

आमच्याकडे एक वारकरी आजोबा येतात. त्यांच्या मुलाने कुठेतरी हेपारिनबद्दल वाचलं आणि मशीन सुरू करायच्या वेळेला मला गाठलं : दुसरं काही आहे का, वडिलांना हे सांगायचं की नाही, देवाधर्माचं कसं करायचं? डॉक्टरांशी बोलून बघू, काही रुग्णांना हेपारिनशिवायही करतात, असं मी सांगत होते. आजोबा पलंगावरून सगळं ऐकत होते. म्हणाले, "अरे, तिला सुई लावू दे. पुढचा माणूस बाहेर ताटकळलाय."