मदत हवी आहे: बाईटखालची अक्षरं बोलल्याप्रमाणे लिहायची की प्रमाण मराठीत?

मंडळी, टीव्हीच्या डेस्कवर काम केलेल्यांचं मत हवंय. मी बेळगावातून एका मराठी वाहिनीला बातम्या पाठवतो. बाईट, म्हणजे कॅमेऱ्यासमोर माणूस बोललेला तुकडा, जातो तसाच जातो, पडद्यावरची खालची अक्षरं मात्र मुंबईचं डेस्क लिहितं. भांडण तिथंच आहे.

खानापूर भागातल्या एका शेतकरी बाईंचा बाईट होता. मलप्रभेचं पाणी भातात शिरलेलं. त्या म्हणाल्या, "मी तलाठ्याकडं दोनदा गेलो, अर्ज दिलो. अजून पंचनामा करूल्यात." पडद्यावर आलं, "मी तलाठ्याकडे दोनदा गेले, अर्ज दिला. पंचनामा केला आहे."

इकडच्या बायका 'गेलो, आलो' म्हणतात हे कोल्हापूरकरांनाही नवं नाही. 'अर्ज दिलो' हा कानडीच्या शेजाराचा गुण, तिथं भूतकाळातही क्रियापद कर्त्याप्रमाणेच चालतं. तेवढं सुधारलं तर माझी फार तक्रार नाही (आवाज एक, अक्षरं दुसरी, हे खटकतं खरं). पण 'करूल्यात' म्हणजे करत आहेत, काम चालू आहे. डेस्कनं ते उरकूनच टाकलं! दुसऱ्या दिवशी गावातले लोक बाईंना विचारायला लागले, तुमचा तेवढा पंचनामा कसा काय झाला?

डेस्क म्हणतं, प्रेक्षक चंद्रपूरपासून सिंधुदुर्गापर्यंत आहेत, ही बोली सगळ्यांना कळत नाही. मान्य. मग निम्मं कानडी, निम्मं इंग्रजी बोललेला आमदार व्हॉइसओव्हरमध्ये (मूळ बोलण्यावर चढवलेल्या मराठी आवाजात) थेट सदाशिव पेठेतून आल्यासारखा का वाटतो? आणि ऊसतोड कामगाराचं 'व्हय की वो' मात्र गंमत म्हणून तसंच ठेवायचं?

कटचंही तेच. छापील बातमीत मधलं गाळलं तर तीन टिंबं देता येतात. बाईटची दोन वाक्यं जोडून वर शेताची दृश्यं टाकली की काही गाळलंय याचा मागमूस राहत नाही. कुणी मध्ये पांढरा फ्लॅश टाकतं, कुणी काहीच नाही. तुमच्याकडे यासाठी लेखी नियम आहे का?

जुना डेस्कवाला:
मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांतही पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहायला मोकळीक आहे. असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तकात तर अवतरणातली व्याकरणाची बारीक चूकसुद्धा सुधारू नये असं आहे. पण ते वाचण्याच्या मजकुराचं झालं. आम्ही काय करायचो, बोली कळण्याजोगी असेल तर अक्षरंच टाकायची नाहीत. मराठी माणसाच्या मराठीखाली मराठी कशाला? खरंच कळत नसेल तर प्रमाण मराठीत, पण अवतरणचिन्हांशिवाय. चिन्हं लावली की शब्द त्यांचेच असायला हवेत. आणि क्रियापदाचा काळ बदलत असेल तर बातमीदाराला फोन केल्याशिवाय हात लावायचा नाही. आमदारालाही हेच लागू.

धागाकर्ता:
अवतरणचिन्हांचं पटलं. फोनला डेस्ककडे वेळ नसतो हो, विशेषतः संध्याकाळी सातच्या आधी. बाईटबरोबर मीच दोन ओळी पाठवू का, वर बोललेलं आणि खाली प्रमाण मराठीत? असं कुणी करतं का? अजून एक, कानडी बाईटवर व्हॉइसओव्हर देताना मूळ आवाज किती ठेवता? पहिलं वाक्य तरी नीट ऐकू यावं असं मला वाटतं. इथं कितीतरी प्रेक्षकांना दोन्ही भाषा येतात, फरक लगेच पकडतात, आणि फोन मला येतात.