सुटका झालेल्या प्राण्यांच्या गोष्टींनी बालवाडीतली मुले कनवाळू होतात का?

पायवाट

माणसांनी वाचवलेल्या प्राण्याची एक खरी गोष्ट दर आठवड्याला मुलांना सांगावी, असा प्रस्ताव मी ज्या बालवाडीत शिकवते तिथल्या पालकसभेपुढे ठेवला. मुले साडेतीन ते सहा वर्षांची आहेत. काही पालकांनी मनापासून पाठिंबा दिला, तर काहींनी ‘याने मुले नुसती हळवी होतील’ असे म्हणून विरोध केला. तो विरोध मला वरवरचा वाटला नाही, म्हणून विषय या चर्चामंचावर मांडते आहे.

माझ्या मनात असलेली पहिली गोष्ट जुन्नरकडची आहे. ऊसतोड सुरू झाली की जुन्नर, आंबेगाव, शिरूर या पट्ट्यात फडात बिबट्याची पिल्ले सापडतात, कारण मादी दाट उसाचा आडोसा पाहून तिथेच वीत आली आहे. कोयत्याखाली ऊस पडत जातो आणि पाचटात मांजराच्या पिल्लाएवढी बछडी दिसतात. मग वन विभागाचे कर्मचारी आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातले पशुवैद्यक येतात, बछड्याला इजा झाली आहे का ते तपासतात आणि दिवस मावळताना त्याला प्लास्टिकच्या क्रेटमध्ये घालून जिथे सापडले तिथेच पुन्हा ठेवतात. जवळ कॅमेरा लावून सगळे लांब जातात. रात्री मादी येते, क्रेटभोवती फिरते, हुंगते आणि पिल्लाला मानगुटीला धरून उचलून नेते. पिल्ले दोन-तीन असली तर एकेक करून नेते.

पाच वर्षांच्या मुलाला यातले दुःख समजावून सांगावे लागत नाही. जत्रेत आईचा हात सुटला की काय होते, हे त्याला पक्के ठाऊक असते. शिवाय या गोष्टीत माणसे पिल्लाला घरी नेत नाहीत, त्याचे लाड करीत नाहीत, नाव ठेवीत नाहीत. त्याच्या भल्यासाठी ती तिथून निघून जातात. ‘खोटे बोलू नये’ छापाच्या नीतिकथांपेक्षा हे मला अधिक मोलाचे वाटते.

तळटीप

हेतू चांगला आहे, पण अपेक्षा फार मोठी आहे. टोरंटो विद्यापीठातील संशोधकांनी ४ ते ६ वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला होता. वाटून घेण्याविषयीची एकच गोष्ट काही मुलांना माणसांची पात्रे घालून आणि काहींना कपडे घातलेल्या प्राण्यांची पात्रे घालून वाचून दाखवली, आणि गोष्टीच्या आधी व नंतर आपल्याजवळचे स्टिकर दुसऱ्या मुलाला देण्याची संधी त्यांना दिली. माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी आधीपेक्षा जास्त स्टिकर दिले. प्राण्यांची गोष्ट ऐकलेल्या मुलांचा हात मात्र उलट आखडला. प्राण्याच्या गोष्टीतून माणसाशी वागण्याचा धडा लहान मूल आपोआप उचलते, हे गृहीतकच तिथे डळमळीत होते.

दुसरे असे की बछड्याची दया येणे फार सोपे आहे, कारण ते गोंडस आहे, मुके आहे आणि आपल्याकडून काही मागत नाही. वर्गात ज्याचे नाक सतत वाहते आणि जो दुसऱ्याच्या डब्यात हात घालतो, त्या मुलाशेजारी बसायला मुले तयार होतात का, ही खरी कसोटी आहे. त्या कसोटीपर्यंत बिबट्याची गोष्ट पोहोचते असे मला वाटत नाही.

आजोळ

तळटीप, तुम्ही दिलेला प्रयोग कोट-टोपी घातलेल्या, बोलणाऱ्या प्राण्यांविषयीचा आहे. पायवाट ताईंची मादी बोलत नाही. ती क्रेट हुंगते आणि पिल्लू उचलते. त्या प्रयोगातून फार तर एवढे निघते की प्राण्याला माणसाचे सोंग देऊ नये, आणि ताई तेच करीत आहेत.

आणि प्राण्यांकडून माणसांकडे काहीच झिरपत नाही असेही नाही. फ्रँक ॲशन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्राथमिक शाळेतल्या मुलांना वर्षभर प्राण्यांशी दयेने वागण्याचे शिक्षण दिले गेले होते आणि त्याचा परिणाम मुलांना माणसांविषयी वाटणाऱ्या सहानुभूतीतही आढळला होता.

तळटीप

तो अभ्यास मला माहीत आहे, आणि त्यातले दोन तपशील तुम्ही गाळलेत. उपक्रम वर्षभराचा होता, आठवड्याच्या एका गोष्टीचा नव्हता. आणि परिणाम चौथीच्या वर्गात जसा स्पष्ट दिसला तसा पहिली-दुसरीत दिसला नाही. इथे चर्चा बालवाडीची चालली आहे.

सोंगाविषयीचा तुमचा मुद्दा मात्र मान्य आहे.

ओतूरकर

ज्या पट्ट्याची गोष्ट सांगितली जात आहे त्याच पट्ट्यात मी राहतो आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

बछड्यांची ही गोष्ट खरी आहे. ती माणसे जीव ओतून काम करतात. पण पुण्यातल्या बालवाडीत ती जशी पोहोचेल तशी ती आमच्या वर्गात सांगता येत नाही. मी ती पहिलीच्या मुलांना सांगितली तेव्हा एका मुलीने विचारले, ‘‘गुरुजी, ते पिल्लू मोठं झाल्यावर आमची शेळी नेईल ना? मग शेळीला कोण वाचवणार?’’ तिच्या घरची गाभण शेळी आदल्याच महिन्यात गोठ्यातून गेली होती. आमच्याकडे बिबट्याच्या हल्ल्यात लहान मुलेही दगावली आहेत. फडाच्या कडेला कोप्या घालून राहणाऱ्या ऊसतोड मजुरांची मुले तर या सगळ्यात सर्वांत उघड्यावर असतात, आणि पिल्लू पहिल्यांदा दिसते ते त्यांच्याच आई-बापांना. पायवाट ताईंच्या गोष्टीत ‘कोयत्याखाली ऊस पडत जातो’ एवढेच आहे. कोयता कोणाच्या हातात आहे, हे मुलांनी विचारले तर काय सांगणार?

आणखी एक. ‘पकडले आणि दूर जंगलात सोडले’ हा शेवट शहरी मुलांना फार आवडतो. या शतकाच्या सुरुवातीला आमच्या भागातले कितीतरी बिबटे असेच पकडून दूर नेऊन सोडले गेले, आणि वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून पुढे असे दिसले की त्यानंतर माणसांवरचे हल्ले कमी न होता वाढले. अनोळखी मुलखात सोडलेले जनावर बिथरते आणि मोकळ्या झालेल्या जागेत दुसरे येते. सोडणाऱ्यांच्या मनात तेव्हा भलेच होते. सुटकेची गोष्ट सांगताना चांगल्या हेतूने केलेली सुटका अंगाशी कशी येते, हेही सांगणार आहात का?

पायवाट

ओतूरकर सर, ते सांगेन; मात्र साडेतीन वर्षांच्या मुलाला नाही. वयाप्रमाणे गोष्टीतले काही मागे ठेवणे आणि गोष्ट खोटी करणे यांत फरक आहे, असे मी मानते. मजुरांविषयीचा तुमचा आक्षेप मात्र मी पुढे ढकलू शकत नाही, कारण तो वयाचा प्रश्न नाही. पिल्लू पाहून कोयता थांबवणारी बाई गोष्टीत पहिल्याच वाक्याला यायला हवी.

आजोळ

सुटकेच्या गोष्टीला खलनायक लागतो, आणि तो बहुतेक वेळा गरीब माणूस असतो, या दिशेने सरांचा मुद्दा जातो. हेमलकशाची गोष्ट मी माझ्या नातवंडांना सांगते, तेव्हा मलाही हे जाणवते. १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाल्यानंतरच्या सुरुवातीच्या काळात माडिया शिकारी माकडीण मारून नेत होते आणि तिचे जिवंत पिल्लू तिला बिलगलेले होते. प्रकाश आमटे यांनी ते पिल्लू मागून घेतले आणि त्यातून तिथले प्राण्यांचे अनाथालय उभे राहिले. ही गोष्ट घाईने सांगितली तर मुलांच्या लेखी शिकारी दुष्ट ठरतो. ती माणसे पोटासाठी शिकार करीत होती, घरी त्यांचीही मुले वाट पाहत होती, हे सांगितले की मूल जरा थांबते. माझ्या सहा वर्षांच्या नातीने विचारले होते, ‘‘मग त्या दिवशी ते काय जेवले?’’ तळटीप, तुमची कसोटी याहून फार वेगळी आहे का?

तळटीप

वेगळी नाही. पण तो प्रश्न तिला माकडाने सुचवला नाही, तुम्ही सांगितलेल्या भुकेने सुचवला. म्हणजे गोष्टीतले काम माणसांनीच केले.

खाडीकाठ

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासची गोष्ट कोणी काढली नाही, याचे आश्चर्य वाटले, कारण खलनायकाचा पेच तिथे आपोआप सुटतो. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री किनाऱ्यावर येऊन वाळूत शंभराच्या आसपास अंडी घालते आणि समुद्रात परत जाते. ती अंडी पूर्वी गावातलेच लोक काढून खात किंवा विकत. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली आणि पुढे गावातच कासव महोत्सव भरू लागला. अंडी कुठे असतात हे ज्यांना सगळ्यांत चांगले ठाऊक होते, तीच माणसे राखणदार झाली. मुलांना यातले काहीही लपवावे लागत नाही.

शिवाय आई परत येत नाही, त्यामुळे रडवण्याची सोयही नाही. पिल्ले वाळूवर सोडली की स्वतःच्या पायांनी पाण्याकडे चालतात आणि पाहणाऱ्यांना दोरीच्या अलीकडे उभे राहावे लागते. पहिल्याच लाटेने एखादे पिल्लू पुन्हा वर फेकले गेले की मुलांचे हात शिवशिवतात, ‘‘मी ठेवू का त्याला पाण्यात?’’ असा गलका होतो, आणि नाही म्हणावे लागते. पायवाट ताई जे क्रेटच्या गोष्टीतून शिकवू पाहतात, ते इथे मुलांना अंगाने कळते.

ओतूरकर

वेळासचे कासव कोणाची शेळी नेत नाही, म्हणून ती गोष्ट सोपी आहे. सोप्यापासून सुरुवात करायला माझी हरकत नाही. पण आमच्या वर्गात दिवेलागणीनंतर एकट्याने अंगणात जाऊ नये, हे आधी शिकवावे लागते, आणि ज्याची भीती शिकवायची त्याचीच कणव त्याच आठवड्यात शिकवणे मला अजून जमलेले नाही. कोणाला जमले असेल तर कसे, ते ऐकायला आवडेल.

पायवाट

मग माझ्यापुरते असे ठरवते की बालवाडीत कासव, आणि बिबट्या पहिलीनंतर, तोही शेळीसकट. संक्रांतीच्या आठवड्यात गोष्टीऐवजी झाडांवर आणि तारांखाली अडकलेला मांजा मोठ्यांच्या मदतीने गोळा करायचा. नायलॉन मांजावर बंदी असली तरी तो दरवर्षी सापडतोच, आणि त्यात पक्षी अडकण्यापूर्वी मुलांच्या हातून काहीतरी होईल.

तळटीप

मांज्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. गोष्टींविषयी मी अजून साशंकच आहे. तुमचे वर्ष संपेल तेव्हा मुलांना किती प्राण्यांची नावे आली ते लिहू नका. डब्यात हात घालणाऱ्या त्या मुलाशेजारी कोण बसले, ते लिहा.