निमुळता लांब जॉब आणि चॅटर: आधी आधार, की आधी कापाचे बळ?

टूलरूम_भोसरी

फायबरग्लासच्या निमुळत्या नळ्या ज्या पोलादी मँड्रेलवर गुंडाळतात, ते मँड्रेल (आतले दांडे) लेथवर टर्न करताना, म्हणजे फिरवत कापताना, येणाऱ्या चॅटरबद्दल (टूल आणि जॉब यांच्या कर्कश थरथरीबद्दल) मला एक मत मांडायचे आहे. उदाहरण ठरावीक घेतो: एकूण लांबी 1200 मिमी, त्यांपैकी 1000 मिमीवर टेपर (निमुळता उतार), जाड टोक 32 मिमी आणि बारीक टोक 18 मिमी. असा जॉब (कापला जाणारा तुकडा) ओरडू लागला की बहुतेक टर्नर प्रथम आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) उतरवतात आणि फीडही (दर फेऱ्याला टूल किती पुढे सरकते ते) कमी करतात. माझ्या मते हा उपाय अंदाजाने केलेला असतो.

टूल जॉबवर एक लाट सोडून जाते आणि पुढच्या फेऱ्यात तीच लाट पुन्हा कापते. त्यामुळे चिपची जाडी कमीजास्त होते, तिच्याबरोबर कापाचे बळही कमीजास्त होते आणि कंपन स्वतःलाच खतपाणी घालते. आरपीएम बदलल्याने या दोन लाटांचा मेळ बदलतो, म्हणून आवाज कधी थांबतो आणि कधी दुप्पट होतो. फीड फारच कमी केले, तर इन्सर्टची (टूलच्या टोकाला बसवलेल्या कापणाऱ्या तुकड्याची) धार कापण्याऐवजी घासू लागते. फ्रेडरिक टेलर यांनी 1907 मध्ये धातुकर्तनावरील आपल्या प्रदीर्घ निबंधात चॅटर ही यंत्रकामगारापुढची सर्वांत दुर्बोध समस्या असल्याचे नोंदवले होते. आज तिचे कारण माहीत असूनही आपण अंधारातच चाचपडतो, याचे मला वाईट वाटते.

जॉबला बाजूला ढकलणारे बळ आधी कमी करावे, असे माझे म्हणणे आहे. नोज रेडियस (इन्सर्टच्या टोकाची गोलाई) 0.8 मिमीऐवजी 0.4 मिमी घ्यावा, इन्सर्ट धारदार आणि पॉझिटिव्ह (कमी बळात कापणाऱ्या कोनाचा) असावा, मुख्य धार अक्षाशी 90 ते 93 अंशांत असावी आणि कटाची खोली नोज रेडियसपेक्षा जास्त ठेवावी. खोली रेडियसपेक्षा कमी राहिली की कापाचे बळ प्रामुख्याने जॉबच्या अंगावर येते. फिनिशिंगचा हलका हात (जॉबवरून टूलची एक चाल) मारतानाच लांब जॉब का थरथरतो, याचे उत्तर यात आहे.

उद्यमनगर_टर्नर

आपले विवेचन मला मान्य आहे. क्रम मात्र मान्य नाही. गोल सळईचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो, म्हणजे आपल्याच मँड्रेलचे 18 मिमीचे टोक 32 मिमीच्या टोकाच्या एक दशांश इतकेच ताठ आहे. तिथे 0.4 चा नोज लावून किती बळ वाचणार? शिवाय लवचीकता लांबीच्या तिसऱ्या घाताने वाढते, म्हणून दोन आधारांमधले अंतर निम्मे केले तर जॉब ढोबळमानाने आठपट ताठ होतो. इन्सर्ट बदलून आठपट फरक पडत नाही.

म्हणून आधी स्टेडी (जॉबला मध्ये धरणारा जबड्यांचा आधार). आपण म्हणाल की टेपरवर ट्रॅव्हलिंग (टूलबरोबर सरकणारी) स्टेडी चालत नाही, आणि ते खरेच आहे, कारण टूल पुढे जाते तसा व्यास बदलतो आणि जबडे एक तर सैल पडतात किंवा आवळतात. यावर कोल्हापुरात आमची जुनी पद्धत अशी की ट्रॅव्हलिंग स्टेडी लावून आधी सरळ पायऱ्या पाडायच्या, साधारण 140 मिमीला एक पायरी, प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा व्यासात 2 मिमीने बारीक. टेपर शेवटी काढायचा.

टूलरूम_भोसरी

पायऱ्यांबाबतच माझी हरकत आहे. टेपरचा हात फिरतो तेव्हा पायरीच्या एका टोकाला टूलपुढे 1 मिमी धातू असतो आणि दुसऱ्या टोकाला जवळपास काहीच नसतो. म्हणजे कटाची खोली सतत बदलते आणि प्रत्येक पायरीच्या शेवटी ती नोज रेडियसच्या खाली जाते. जिथे जॉब सर्वांत नाजूक, तिथेच आपण घासणारा काप देतो.

सेंटर_लेथ

दोघांनीही टेलस्टॉकचा (जॉबच्या दुसऱ्या टोकाला सेंटरने, म्हणजे टोकदार खुंटीने, आधार देणाऱ्या भागाचा) विषय वगळला, म्हणून लिहितो. टेलस्टॉक बाजूला सरकवून हा टेपर काढायचा तर सरक 8.4 मिमी येते (व्यासांतील फरकाचे निम्मे, म्हणजे 7 मिमी, गुणिले 1200 भागिले 1000). इतक्या सरकीला साधे 60 अंशांचे सेंटर जॉबच्या टोकाच्या भोकात तिरपे बसते, कडेलाच टेकते आणि तो सैलपणा चॅटर बनून बाहेर येतो. त्या जागी गोळीचे (गोल टोकाचे) सेंटर वापरावे.

याहून महत्त्वाची गोष्ट उष्णतेची. 1200 मिमी पोलाद 30 अंशांनी तापले तर सुमारे 0.4 मिमी लांबते. टेलस्टॉक घट्ट आवळलेला असेल तर ही लांबी जायची कुठे? जॉब मधोमध धनुष्यासारखा वाकतो. पहिला हात शांत जातो आणि पुढच्या हाताला अचानक आवाज सुरू होतो, तेव्हा इन्सर्टवर संशय घेण्याआधी टेलस्टॉकचे चाक किंचित सैल करून पाहावे. स्प्रिंगचे रिव्हॉल्व्हिंग (जॉबबरोबर फिरणारे) सेंटर असेल तर फीड चककडून (जॉब धरून फिरवणाऱ्या पकडीकडून) टेलस्टॉककडे द्यावे, म्हणजे चक आणि टूल यांमधला भाग दाबाखाली न राहता ताणाखाली राहतो.

सीएनसी_सेटर

सीएनसीवर (संगणकाच्या आदेशांवर चालणाऱ्या यंत्रावर) आणखी एक कारण असते. जी96 (कापाचा वेग कायम राखण्याचा आदेश) लावले की व्यास कमी होताना आरपीएम आपोआप चढते. 100 मीटर प्रति मिनिट वेगाला 32 मिमीवर सुमारे 995 आणि 18 मिमीवर सुमारे 1770. या चढणीत कुठेतरी जॉबची स्वतःची कंपने गाठली जातात आणि जॉबवर ठरावीक पट्ट्यातच चॅटरच्या खुणा दिसतात. खुणा एकाच पट्ट्यात असतील तर जी97 वर स्थिर आरपीएम ठेवून पाहावे. आरपीएम मुद्दाम थोडे वरखाली करत राहण्याची सोय ज्या यंत्रांवर आहे, तिथे लाटांचा मेळच जमत नाही. म्हणून आरपीएमला हात लावणे म्हणजे अंदाज, हे मूळ विधान मला सरसकट पटत नाही.

उद्यमनगर_टर्नर

पायऱ्यांवरील हरकत योग्य आहे, पण त्यासाठी पद्धत सोडण्याचे कारण नाही. पायऱ्या अंतिम मापापेक्षा मोठ्या ठेवाव्यात, सेमी-फिनिशचा हात देऊन टेपर काढावा आणि शेवटच्या हातासाठी संपूर्ण लांबीवर व्यासात सारखा 1 मिमी माल राखावा. म्हणजे खोली 0.5 मिमी येते आणि आपल्या 0.4 च्या नोजलाही पुरते. या हातांना मधला आधार हवा असेल, तर टेपरवर स्क्रूंची बुश (स्क्रूंनी आवळायची पोकळ कडी) बसवून तिचा बाहेरचा गोल डायलने (मापकाने) खरा करावा आणि त्यावर फिक्स (जागेवरच राहणारी) स्टेडी टेकवावी.

टूलरूम_भोसरी

सारखा 1 मिमी माल राखणार असाल तर पायऱ्यांना माझा विरोध उरत नाही. बुशबाबत मात्र उरतो. बुशच्या जागी टूल पोहोचले की काम थांबवून ती हलवावी लागते, आणि दोन हातांच्या जोडावर राहिलेली पुसट कडसुद्धा मँड्रेलवरून नळी ओढून काढताना अडते. म्हणून शेवटच्या हाताला मी बुश लावणार नाही. तो हात धारदार इन्सर्ट, सैल सोडलेला टेलस्टॉक आणि स्थिर आरपीएम यांवरच काढीन.