स्टार्टर आणि डिस्कार्ड फ्रिजमध्ये कसा सांभाळता? गोव्यातले अनुभव इथे लिहा

सकाळ-संध्याकाळ पदेर भोंपू वाजवत दारात येतो, उंडे आणि पोई गरम मिळतात, मग घरी ब्रेड कशाला करता, असं मला नेहमी विचारतात. पूर्वी आपल्याकडे पाव माडाच्या सुरेने फुगवायचे. आंबवणं इथल्या मातीतलंच आहे, म्हणून साउअरडोची, म्हणजे स्टार्टरने फुगवलेल्या आंबट पावाची, गोडी लागली. स्टार्टर म्हणजे पीठ-पाणी आंबवून जिवंत ठेवलेलं विरजण. त्यात ताजं पीठ-पाणी घालणं म्हणजे फीड, आणि फीड करताना बाजूला काढलेला जास्तीचा स्टार्टर म्हणजे डिस्कार्ड.

अडचण हवामानाची. बहुतेक रेसिपी थंड देशांतल्या. तिथे फीड केलेला स्टार्टर वर यायला आठ-दहा तास घेतो. इथे मे महिन्यात स्वयंपाकघरात ३२-३३ अंश असतात, तीन-चार तासांत तो वर येऊन खाली बसलेलाही असतो. रोज बेक न करणाऱ्याने तो ओट्यावर ठेवूच नये, असं माझं ठाम मत आहे. मी आठवड्यातून एकदा १० ग्रॅम जुन्या स्टार्टरमध्ये ५० ग्रॅम पीठ आणि ५० ग्रॅम पाणी घालते, तासभर बाहेर ठेवते, बुडबुडे दिसू लागले की लगेच फ्रिजमध्ये. झाकण नुसतं टेकवलेलं. आत वायू तयार होत राहतो, काचेची बरणी घट्ट बंद केली तर तडकू शकते.

तुम्ही काय करता? पावसाळ्याचे अनुभव तर हवेतच.

मडगाव
आमच्या फ्रिजमध्ये बांगडे आणि सुंगटां कायम असतात, त्यामुळे जागा ठरलेली आहे. कच्ची मासळी खाली, डबा बंद करून. स्टार्टर वरच्या कप्प्यात मागे. दारात ठेवू नका, उघडझाप होते तसं तिथलं तापमान वरखाली होतं. आणखी एक, बरणीचा काठ. ढवळताना पीठ काठाला लागतं, सुकून त्याची खपली धरते आणि बुरशी सगळ्यात आधी तिथे येते. आत आंबट स्टार्टर ठणठणीत आणि वर काठावर हिरवा ठिपका! म्हणून प्रत्येक फीडला धुतलेली, पूर्ण कोरडी बरणी घ्यावी.

वाळपई
पावसात आमच्याकडे वीज गेली की कधी येईल सांगता येत नाही. जून ते सप्टेंबर मी स्टार्टर घट्ट ठेवतो, पाणी पिठाच्या निम्मं. कणकेच्या गोळ्यासारखा दिसतो, सावकाश आंबतो, त्यामुळे फ्रिज काही तास बंद पडला तरी फारसं बिघडत नाही. शिवाय हिवाळ्यातच थोडा स्टार्टर बटर पेपरवर पातळ पसरून पंख्याखाली वाळवतो. पापुद्रे कडकडीत झाले की चुरून हवाबंद बाटलीत. पावसात हा उद्योग करू नये, इथल्या दमट हवेत वाळायच्या आत बुरशी धरते.

म्हापसा
वर करडं-काळपट पाणी साचलं म्हणून पुष्कळ जण घाबरून सगळं ओतून देतात. ते पाणी म्हणजे स्टार्टर उपाशी असल्याची खूण. काढून टाका किंवा ढवळून घ्या, फीड करा. पण गुलाबी किंवा केशरी छटा, लोकरीसारखी बुरशी, सडका वास यातलं काहीही दिसलं तर बरणीतलं सगळं फेकायचं. वरचं खरवडून खालचं वाचवू नका, बुरशीचे धागे दिसतात त्यापेक्षा खोल गेलेले असतात. हातचा स्टार्टर टाकवत नाही हे कळतं, तरीही.

फोंडा
मी डिस्कार्डबद्दल लिहिते. वेगळी बरणी, त्यावर पट्टी चिकटवून पहिल्या दिवसाची तारीख. आठवडाभरात संपवते, नंतर फार आंबट होतो. तांदळाचं पीठ, कांदा, मिरची, कोथिंबीर घालून बिडाच्या तव्यावर घावणे काढते, कडा कुरकुरीत होतात आणि मुलं वाट बघतात. दोन गोष्टी मात्र कडक पाळा. डिस्कार्ड कच्चा चाखू नका, तो कच्च्या पिठाचाच आहे आणि कच्च्या पिठात साल्मोनेला किंवा ई. कोलाय असू शकतात. आणि अंडं किंवा दूध घातलेलं पीठ त्याच दिवशी संपवा.

नवा स्टार्टर तयार होत असताना पहिल्या आठवड्यातला डिस्कार्ड साठवू नका. तेव्हा पुरेसा आंबटपणा आलेला नसतो, नको ते जंतूही वाढतात.

डिचोली
चवथीला गावी जातो तेव्हा नेहमीपेक्षा जास्त पीठ घालून ठेवतो. फ्रिजमध्ये स्टार्टर दोन-तीन आठवडे आरामात टिकतो. परत आल्यावर लगेच ब्रेडला वापरत नाही, आधी बाहेर दोन-तीनदा फीड.

पेडणे
वरचं वाचून विचारते. आमचाही चवथीपासून फ्रिजमध्ये होता. आज उघडला तर नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास, वर थोडं काळं पाणी. रंग नेहमीचाच. टाकू का?

पर्वरी
टाकू नका, ताई. रंग ठीक आहे, बुरशी नाही, म्हणजे उपाशी आहे. पाणी ओतून द्या, मधला चमचाभर स्वच्छ बरणीत घेऊन १:५:५ ने (एक भाग स्टार्टर, पाच भाग पीठ, पाच भाग पाणी) फीड करा, बरणीला रबर लावून उंचीची खूण ठेवा. तो तीन-चार तासांत दुप्पट होऊ लागेपर्यंत असंच फीड करत राहा. वासही तोवर जातो. उरलेल्याचे घावणे नकोत यावेळी, फार आंबट लागतील.