चेस्की राय (चेक प्रजासत्ताक): गुडघेदुखी असलेल्या वडिलांना घेऊन प्राखोव की ह्रुबा स्काला?

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरमध्ये आईबाबांना घेऊन प्रागला जातोय. शहराची माहिती भरपूर मिळाली, पण ईशान्येकडच्या चेस्की राय भागाबद्दल मराठीत फारसं काही सापडेना. कोणी जाऊन आलं असेल तर मदत हवी आहे.

बाबांनी तरुणपणापासून सह्याद्रीतले किल्ले पालथे घातलेत. आता एक गुडघा त्रास देतो. चढ जमतो, पायऱ्या उतरताना कळ येते. दोन किल्ले मात्र त्यांना बघायचेच आहेत. पहिला त्रोस्की. आजूबाजूला सगळा वालुकाश्म, आणि मधेच आपल्या ओळखीच्या बेसाल्टचे दोन सुळके. चौदाव्या शतकात दोन्ही माथ्यांवर एकेक बुरूज बांधला, उंच निमुळता ‘कुमारिका’ आणि बुटका रुंद ‘म्हातारी’. दुसरा कोस्त. हा उंच डोंगरावर नाही, तळ्यांच्या बेचक्यातल्या खडकावर आहे. त्याच्या मुख्य बुरुजाचा आराखडा समलंब चौकोनी, म्हणजे शत्रूने फेकलेले दगड तिरके लागून निसटावेत. बाबांनी तो आराखडा वर्तमानपत्राच्या समासात काढून, दगड कुठून येणार ते बाण मारून आईला समजावलंय. त्यामुळे कोस्त गाळणं शक्य नाही!

अडचण खडकांची आहे. प्राखोव आणि ह्रुबा स्काला हे तिथले वालुकाश्माच्या सुळक्यांचे दोन भाग. प्राखोवला अरुंद घळी आणि पायऱ्यांची चढउतार फार, असं फोटोंवरून दिसतं. तिथे एखादं तरी निरीक्षणस्थळ कमी पायऱ्यांत गाठता येतं का? त्यापेक्षा ह्रुबा स्कालापासून वाल्डश्टाइन किल्ल्यापर्यंतची पठारावरची वाट सोपी वाटते, वाटेत सुळकेही दिसतात. माझा कल तिकडेच आहे, पण प्राखोव न बघणं म्हणजे मोठं काही हुकणं असेल तर स्पष्ट सांगा. पाऊस झाला तर? ओला वालुकाश्म कमकुवत होतो म्हणून तिथे प्रस्तरारोहणाला मनाई असते, ते कळलं. साध्या पायवाटा कितपत निसरड्या होतात?

मुक्काम तुर्नोवला करावा की यिचीनला? प्रागहून तुर्नोवला थेट रेल्वे आहे, प्राखोव मात्र यिचीनजवळ. कोस्तला बसने जाणं ज्येष्ठांना झेपेल, की त्या दिवसापुरती गाडी घ्यावी?

तिकडचे बरेच किल्ले ऑक्टोबरमध्ये फक्त शनिवार-रविवारी उघडे असतात, म्हणून त्रोस्की आणि कोस्त त्याच दोन दिवसांत बसवायचेत. दोन्ही एकाच दिवशी केले तर बाबांची दमछाक होईल का?