चातुर्मासात लहान मुलांसाठी घरचा नेम

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

आमची मुलगी इथे वडोदऱ्यात गुजराती माध्यमात तिसरीत शिकते; शाळेत हिंदी अजून सुरू झालेली नाही, त्यामुळे देवनागरी अक्षरांची तिला ओळख नाही. तिन्हीसांजेला दिवा लावल्यावर ती ‘शुभं करोति’ म्हणते, पण त्यापुढे घरी काय शिकवावे हे आम्हांला उमगत नाही. आम्ही दोघेही नोकरी करतो, त्यामुळे वेळ बेताचाच मिळतो. आषाढी एकादशीपासून काही ठरवून सुरू करावे असे मनात आहे. जाणत्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

आपली,
मांजलपूर येथील एक पालक

*

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. आषाढीचा मुहूर्त तुम्ही फार योग्य निवडला आहे, कारण चातुर्मासाचा नेम ही आपल्या घरांतली जुनी रीत आहे आणि कार्तिकीपर्यंतचे चार महिने लहान मुलालाही पेलतात. नेम मात्र एकच धरावा. स्तोत्र, गोष्टी, चित्रे, उपवास असे सगळे एकदम अंगावर घेतले, की श्रावण सरण्यापूर्वीच सगळे सुटते, हे मी शाळेत शिकवत असताना पुष्कळ घरांत पाहिले आहे.

माझी सूचना मनाच्या श्लोकांची आहे. श्लोक 205 आहेत. त्यांतले पहिले दहा नीट आले तरी पुष्कळ झाले. वृत्त भुजंगप्रयात, म्हणजे प्रत्येक चरणात बारा अक्षरे, आणि एक लघु व दोन गुरू असा गट चार वेळा. ‘गणाधीश जो ईश’ म्हणताना ‘ग’ मोकळा सोडून ‘णा’ आणि ‘धी’ यांवर टाळी द्यायची, पुन्हा ‘श’ मोकळा आणि ‘जो’, ‘ई’ यांवर टाळी. मुलांना हा ठेका लगेच सापडतो, आणि एखादे अक्षर गळले तर टाळी चुकते, म्हणून चूक आपल्याला दाखवून द्यावी लागत नाही.

पुस्तक हाती द्यायचे ते पाठ झाल्यावरच. गुजरातीतले ग, म, त, न आपल्यासारखेच, फक्त शिरोरेषेविना. क, ख, ज, ब मात्र निराळे, आणि मूल नेमके तिथे अडते. श्लोक तोंडपाठ असला, की ओळीवरून बोट फिरवत म्हणताना अडलेले अक्षर कोणते, हे तिचे तिलाच कळते. त्यासाठी बाराखडीचा वेगळा तास घेऊ नका. दमून आलेल्या आईवडिलांना तो झेपत नाही आणि मुलीलाही शाळाच पुन्हा सुरू झाल्यासारखे वाटते.

म्हणताना हाताला काम असू द्यावे. कापसाची चिमूट घेऊन, टोकाला दुधाचे बोट लावून फुलवात वळणे तिसरीतल्या मुलीला सहज जमते. तुम्हीही शेजारी बसून वाती वळा. तिला एकटीला बसवून स्वतः स्वयंपाकघरातून सूचना देऊ नका.

एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. ‘देव शिक्षा करील’ हे वाक्य घरात कुणीही, आजीआजोबांनीसुद्धा, उच्चारू नये. देव दिसत का नाही, असे तिने विचारले तर तिला गप्प करू नये; हा प्रश्न मोठ्यांनाही पडतो, असे खरेखुरे सांगावे आणि तिला काय वाटते ते ऐकून घ्यावे.

आषाढीला मांडवीजवळच्या विठ्ठल मंदिराचा वरघोडा, म्हणजे देवाची मिरवणूक, तिला दाखवाच. पुढे एखाद्या रविवारी कीर्ती मंदिरात न्या. सयाजीराव महाराजांनी 1936 मध्ये उभारलेल्या त्या वास्तूत नंदलाल बोस यांनी रंगवलेली भित्तिचित्रे आहेत; त्यांतली मीराबाईच्या जीवनावरची चित्रे मुलांना खिळवून ठेवतात. आधी तिला बघू द्या, गोष्ट तिने विचारल्यावर सांगा.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, दांडिया बाजार

*

आदरणीय बाईंस सादर नमस्कार.

आपले पत्र आम्ही दोघांनी मिळून वाचले. रोज दिव्यानंतर दहा मिनिटे बसण्याचे ठरवले आहे. मला उशीर होईल त्या दिवशी तिचे बाबा बसतील. वाती वळायला त्यांनाही शिकावे लागेल. पहिले दहा श्लोक मोठ्या अक्षरांत छापून मंडळाच्या वाचनालयात ठेवता आले तर आमच्यासारख्या इतर घरांनाही ते नेता येतील. छपाईचा खर्च आम्ही आनंदाने करू. कार्यकारिणीने कृपया आषाढीपूर्वी कळवावे.

आपली,
मांजलपूर येथील पालक